शत्रूनं नाण्यांवरच्या त्याच्या चेहऱ्यावर शिक्के मारले, तरी नहपान पुसला गेला नाही

चौक. जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचं, इर्शाळगडाजवळचं गाव. इथून खोपोलीला जायचं, बोरघाट चढायचा, लोणावळा मागं टाकलं की कार्ल्याची लेणी. लेण्यात सेल्फी काढताना आपल्याला दिसत नाही, पण तिथं एका जावयानं भिक्षूंना करजिक गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. जावई होता उषवदात, तर सासरा होता राजा नहपान.

नहपान शक होता, क्षहरात घराण्यातला. क्षत्रप म्हणजे खरं तर मोठ्या सम्राटाचा सुभेदार. पण या गड्यानं चांदीच्या नाण्यांवर स्वतःला थेट राजा म्हणवून घेतलं. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. लिप्या तीन : ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी.

असं का? कारण व्यापार. त्या काळात रोमन जगातून माल आणि सोन्या-चांदीची नाणी भडोच बंदरात उतरायची. नाशिक, जुन्नर, कार्ले हे घाटमाथ्याचे नाके नहपानाकडे होते. नाशिकच्या लेण्यात तर उषवदातानं श्रेणींकडे 3,000 कार्षापण व्याजानं ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे आजच्या भाषेत एफडीच.

पण समोर सातवाहन उभे होते. गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षहरातांचा पुरता पराभव केला. भूमक आणि नहपान हे या घराण्यातले राजे. कार्ल्याच्या भिक्षूंना करजक गाव पुन्हा दान दिल्याचा सातवाहनांचा लेखही तिथंच आहे. गाव तेच, देणारा बदलला.

मग नाण्यांचं काय झालं?

1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. 13 हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला शिक्का मारला होता. चांदी वितळवली नाही, जुन्याच नाण्यावर नवं चिन्ह ठोकलं. बाजारात संदेश गेला, मालक बदलला.

रोममध्येही असे लोक झाले. कॅरॉसियस नावाचा आरमारप्रमुख 286 मध्ये ब्रिटन घेऊन वेगळा झाला, स्वतःची नाणी पाडली आणि 293 मध्ये मारला गेला. अशा थोडक्या काळाच्या राजांची नाणी संग्राहक आवर्जून शोधतात. कारण हरलेल्यांची बखर कुणी लिहीत नाही, नाणंच काय ते उरतं.

नहपानाचंही तसंच. शिक्क्याखालून कुठं नाक, कुठं कपाळ अजून डोकावतं.

आणि हो, शेतात कधी असं गाडगं लागलं तर परस्पर विकू नका. 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. साठा फुटला की त्यातला राजाही हरवतो.