वरसईच्या भटजींची कावड

दिव्याहून रोह्याची गाडी पकडली, की पनवेलच्या पुढे पेण लागते. याच तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरच्या कर्जापायी काकांबरोबर पायी उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार होत्या. दक्षिणेची आशा होती. वाटेत बंडाने गाठले. १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते आणि लुटलेही गेले. यात्रा मात्र सोडली नाही. पैशांऐवजी गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन, शेकडो कोस तुडवून ते कोकणात उतरले. आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. कर्जाचे काय, हा प्रश्न संसारी माणसाला पडतोच! पुढे ही हकीकत त्यांनी मोडीत लिहून काढली. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आला, तेव्हा भटजी हयात नव्हते.