सोफोनिस्बा अंग्विस्सोला : एका कुलीन चित्रकर्त्रीचें चरित्र

ईश्वरानें दिलेलें दान पुरून ठेवूं नये, ही शिकवण आम्हां ख्रिस्ती जनांस नवी नाहीं. परंतु तें दान स्त्रीच्या हातीं आलें आणि रूढीनें तिची वाट अडविली, तर तिनें काय करावें? याचें उत्तर इटलीतील एका थोर स्त्रीच्या चरित्रांत मिळतें. तें आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

सोफोनिस्बेचा जन्म सुमारें १५३२ सालीं क्रेमोना शहरीं एका सरदार घराण्यांत झाला. पिता आमिल्कारे यानें आपल्या सहा मुलींस विद्या दिली, आणि सोफोनिस्बा व एलेना या दोघींस बेर्नार्दिनो काम्पी या चित्रकाराकडे शिकावयास ठेविलें. एलेना पुढें मठवासिनी झाली. शरीररचनेचा अभ्यास त्या काळीं स्त्रियांस वर्ज्य असल्यामुळें मोठमोठे देखावे रंगविण्याची वाट सोफोनिस्बेस बंद होती. तिनें खंत न करितां घरचींच माणसें चितारलीं. बुद्धिबळें खेळणाऱ्या बहिणींचें तिचें १५५५ सालचें चित्र आज पोलंडांत पोझनान येथें आहे.

१५५९ सालीं ती स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या तरुण राणीच्या, इसाबेलच्या, पदरीं गेली व तिला चित्रकला शिकवूं लागली. १५६१ सालीं पोप चौथे पायस यांनीं राणीची तसबीर मागविली. ती सोफोनिस्बेनेंच काढून धाडिली. माद्रिद येथील प्रादो संग्रहालयांत तिनें काढिलेली इसाबेलची दुसरी एक तसबीर आहे. तींत कृष्णवस्त्र ल्यालेल्या राणीच्या हातीं पतीचें चिमुकलें चित्र आहे. हाच फिलिप पुढें पोर्तुगालचाही राजा झाल्यामुळें गोवें, वसई व चौल हीं ठाणीं त्याच्या सत्तेखालीं आलीं.

१५६८ सालीं राणी निवर्तली. पुढें सोफोनिस्बेचा विवाह झाला, वैधव्य आलें व पुनर्विवाहही झाला. परंतु तिची कला सुटली नाहीं. दरबारच्या चित्रांवर तिची सही नसल्यानें त्यांतील कित्येक चित्रें शतकानुशतकें पुरुष चित्रकारांच्या नांवावर मोडलीं. विसाव्या शतकांत संशोधकांनीं तीं तिचीं म्हणून ओळखिलीं.

१६२४ सालीं तरुण चित्रकार व्हान डाईक तिला पालेर्मो येथें भेटला. तेव्हां तिनें नव्वदी ओलांडली होती व दृष्टि अधू झाली होती. तरी चित्रकलेविषयीं तिनें त्यास उपदेश केला. १६२५ सालीं तिनें देह ठेविला.

आमच्या हिंगोली जिल्ह्यांतही, मुलीच्या हातीं पाटी द्यावी कीं न द्यावी असा विचार ज्या बापाच्या मनांत येईल, त्यानें आमिल्कारेचें स्मरण करावें, एवढीच आमची विनंती आहे.