साडेसातशे डॉलरचे गाणे

पंक रॉकचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा लंडन किंवा न्यूयॉर्कपासून होते. परंतु या संगीताच्या मुळाशी असलेल्या एका गाण्याचा माग काढत गेले, की आपण लॉस एंजेलिसजवळच्या एका नृत्यगृहात, १९५५च्या सुमारास, एका कृष्णवर्णीय तरुणापाशी येऊन पोहोचतो. त्याचे नाव रिचर्ड बेरी. गाण्याचे नाव ‘लुई लुई’. हजाराहून अधिक वेळा ध्वनिमुद्रित झालेले हे गाणे जगभर ठाऊक आहे. पण ते लिहिणाऱ्याचे नाव विचारले तर भले भले रॉकवेडेही क्षणभर अडखळतात.

बेरीचा जन्म ११ एप्रिल १९३५ रोजी लुईझियाना राज्यातला. तो तान्हा असतानाच कुटुंब लॉस एंजेलिसला आले. लहानपणी कमरेच्या सांध्याला झालेल्या दुखापतीमुळे त्याची सुरुवातीची काही वर्षे कुबड्यांवर गेली. अपंग मुलांच्या एका शिबिरात त्याला युकुलेली हे छोटे तंतुवाद्य वाजवायला मिळाले आणि तिथून संगीताची गोडी लागली. जेफरसन हायस्कूलमध्ये असतानाच तो गायकांच्या लहानसहान चमूंमधून गाऊ लागला. त्याचा आवाज खर्जातला, नाट्यमय. १९५४ साली ‘द रॉबिन्स’ या चमूच्या ‘रायट इन सेल ब्लॉक नंबर नाइन’ या गाण्यात मुख्य आवाज त्याचाच होता, पण तबकडीवर त्याचे नाव नव्हते. पुढच्याच वर्षी एटा जेम्सच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यात तिला उत्तर देणारा पुरुषी आवाजही त्याचाच. नावाविना राबण्याची सवय त्याला अशी विशीतच लागली होती.

त्या काळात तो ‘रिदम रॉकर्स’ नावाच्या लॅटिन धाटणीच्या वाद्यवृंदाबरोबर गात असे. हा वृंद रेने तुझे या क्यूबन संगीतकाराची ‘एल लोको चा चा’ ही रचना वाजवी. तिच्या आरंभीचा ठेक्याचा तुकडा बेरीच्या कानात असा काही बसला, की आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना त्याने पडद्यामागेच त्यावर शब्द रचले. हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून ते टॉयलेट पेपरवर उतरवले, असे तो पुढे सांगत असे. गाण्याचा विषय अगदी निरागस आहे. एक खलाशी मद्यालयात बसून तिथल्या माणसाला आपली व्यथा सांगतो आहे. जमैकात त्याची प्रेयसी वाट पाहते आहे, समुद्रावर काही दिवस-रात्री काढल्या की तो तिच्यापाशी पोहोचणार आहे. लुई म्हणजे तो मद्य देणारा माणूस. अनेकांचा आजही समज आहे, की लुई हे प्रेयसीचे नाव. बेरीने खलाशाच्या तोंडी कॅरिबियन बेटांवरची मोडकी इंग्रजी घातली होती आणि पुढच्या गोंधळाचे एक बीज तिथेच पडले.

१९५७ साली ‘फ्लिप’ या लहान कंपनीने हे गाणे तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काढले. पश्चिम किनाऱ्यावर ते बऱ्यापैकी चालले, पण देशभर गाजले नाही. बेरीचे लग्न ठरले होते आणि हातात पैसा नव्हता. त्याने ‘लुई लुई’ आणि आपल्या आणखी काही गाण्यांचे हक्क कंपनीच्या मालकाला ७५० डॉलरना विकून टाकले. त्या काळी असे व्यवहार सर्रास होत. विशेषतः कृष्णवर्णीय कलावंतांच्या बाबतीत कागदावर सही घेणाऱ्याला घाई असे आणि सही करणाऱ्याला गरज.

यानंतर गाणे त्याच्याविना प्रवासाला निघाले. वायव्य अमेरिकेतल्या टकोमा शहरातील रॉकिन रॉबिन रॉबर्ट्स या गायकाला बेरीची तबकडी सापडली. १९६१ मध्ये त्याने ‘द वेलर्स’ या वृंदासह ती अधिक आक्रमक ढंगात गायली. त्या भागातली पोरे तोच ढंग उचलून वाजवू लागली. एप्रिल १९६३ मध्ये पोर्टलंडच्या ‘किंग्जमेन’ या तरुण वृंदाने पन्नासएक डॉलर खर्चून हे गाणे मुद्रित केले. गायक जॅक एलीच्या दातांना तारा बांधलेल्या, मायक्रोफोन बराच उंच टांगलेला. मान वर करून तो अक्षरशः ओरडत होता. एका कडव्याला तर त्याने वेळेआधीच सुरुवात केली, आणि ड्रमवाल्याने ती चूक कशीबशी सावरून घेतली. तबकडी तशीच बाजारात गेली आणि वर्षअखेर ‘बिलबोर्ड’च्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली.

शब्द कोणालाच कळत नव्हते. आपल्याकडेही रेडिओवरचे गाणे चुकीचे ऐकून वर्षानुवर्षे तसेच गुणगुणणारे असतात. इथे मात्र एका अख्ख्या पिढीने न कळलेल्या जागी आपल्या मनातले अश्लील शब्द भरले. शाळा-कॉलेजांतून तथाकथित खऱ्या ओळींचे कागद हातोहात फिरू लागले. १९६४च्या आरंभी इंडियानाच्या गव्हर्नरांनी हे गाणे वाजवू नये, असे नभोवाणी केंद्रांना सुचवले. एका पालकाने थेट अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिले. एफबीआयने तपास हाती घेतला. प्रयोगशाळेत तबकडी निरनिराळ्या वेगांवर फिरवून ऐकली गेली. अडीच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या चौकशीचा निष्कर्ष एवढाच, की गाणे कोणत्याही वेगावर समजत नाही. जॅक एलीला गाठून त्याने नेमके काय गायले हे विचारण्याची तसदी मात्र घेतली गेली नाही. बेरीची १९५७ची मूळ तबकडी तर अस्तित्वात होतीच, आणि तिच्यात शब्द स्वच्छ ऐकू येतात.

या अनाकलनीयतेतच पंकची पाळेमुळे आहेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तीन स्वरमेळ, उसना वेळ, स्वस्त स्टुडिओ, गाता येते की नाही याची फिकीर नाही. पुढच्या पिढीने यातून नेमका हाच धडा घेतला. इगी पॉपच्या ‘स्टूजेस’ने १९७४ साली डेट्रॉइटच्या वादळी कार्यक्रमात, ज्यांचा निव्वळ संशय होता तसले शब्द खरोखरच घालून ‘लुई लुई’ गायले. ‘मेटॅलिक के. ओ.’ या तबकडीत ते जपलेले आहे. एफबीआयला जे सापडले नाही, ते असे दहा वर्षांनी प्रत्यक्षात आले. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ‘ब्लॅक फ्लॅग’ने आपलेच कडवट शब्द घालून ते काढले. जमैकाच्या ‘टूट्स अँड द मेटल्स’नेही ते गायले, तेव्हा बेरीचा खलाशी अखेर आपल्या बंदराला लागला म्हणायचे. बेरीचेच ‘हॅव लव्ह, विल ट्रॅव्हल’ हे गाणे टकोमाच्या ‘सॉनिक्स’ने १९६५ मध्ये कर्कश करून सोडले. तेही आज गराज पंकचा नमुना मानले जाते आणि त्याचाही जनक अनेकांना ठाऊक नसतो.

या सगळ्या काळात बेरी लॉस एंजेलिसच्या क्लबांतून गात राहिला. लग्न टिकले नाही. ऐंशीच्या दशकात तो आईच्या घरी राहत होता आणि सरकारी मदतीवर गुजराण करीत होता. १९८३ साली कॅलिफोर्नियातील केएफजेसी या कॉलेज नभोवाणी केंद्राने सलग ६३ तास फक्त ‘लुई लुई’ वाजवले. आठशेहून अधिक आवृत्त्या जमल्या होत्या. त्या सोहळ्याला बेरी स्वतः हजर राहिला आणि गायलाही. मालकी दुसऱ्याची, गाणे याचे!

दैव फिरले ते एका जाहिरातीमुळे. एका पेय कंपनीला ‘लुई लुई’ वापरायचे होते आणि त्यासाठी बेरीची सही हवी होती. त्याला गाठले गेले, कलावंतांच्या हक्कांसाठी लढणारे जाणकार त्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९८६च्या सुमारास न्यायालयाबाहेर तडजोड झाली. गाण्याचे हक्क बऱ्याच अंशी परत मिळाले आणि पन्नाशी ओलांडलेला हा माणूस लक्षाधीश झाला. फेब्रुवारी १९९६ मध्ये लाँग बीच येथे एका मदतनिधी कार्यक्रमात त्याने जुन्या सहकाऱ्यांसह अखेरचे गायन केले. २३ जानेवारी १९९७ रोजी हृदयविकाराने लॉस एंजेलिसमध्ये त्याचे निधन झाले.