डेव्हिड लो : बालपणीच्या आवडीचे ऋण

कोणत्या मुलाच्या हाती कोणते नियतकालिक पडेल आणि त्यातील कोणते चित्र त्याच्या मनात कायमचे घर करील, हे आधी कोणासही सांगता येत नाही. विसाव्या शतकातील अग्रगण्य राजकीय व्यंगचित्रकार सर डेव्हिड लो यांचे जीवन हा याचा उत्तम दाखला होय.

लो यांचा जन्म ७ एप्रिल १८९१ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. बालपण क्राइस्टचर्चमध्ये गेले. थोरला भाऊ अकाली वारला. अतिअभ्यासाने त्याची प्रकृती खालावली होती, असे आईवडिलांना वाटले व त्यांनी डेव्हिडची शाळा लवकरच थांबविली. मात्र त्याचे शिक्षण थांबले नाही. इंग्लंडहून येणारी अर्ध्या पेनीची विनोदी चित्रसाप्ताहिके हीच त्याची पाठ्यपुस्तके ठरली. १९०२ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, त्याचे चित्र ‘बिग बजेट’ या ब्रिटिश साप्ताहिकात छापून आले.

पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला ‘पंच’चे जुने अंक सापडले. त्यांतील अनेक चित्रकारांत त्याच्या मनाने धरला तो फिल मे. पूर्ण चित्र रेखाटून मग त्यातील एकेक अनावश्यक रेषा वगळीत जाणे, ही मे यांची रीत. उरलेल्या मोजक्या रेषांत माणूस मात्र सगळा उभा राही. १९०३ साली मे निवर्तले, तेव्हा लो बारा वर्षांचे होते. दोघांची भेट कधीच झाली नाही. तरीही काटकसरीच्या रेषेची ही आवड लो यांना जन्मभर पुरली.

१९११ साली लो सिडनीच्या ‘बुलेटिन’मध्ये रुजू झाले. याच साप्ताहिकात पाव शतकापूर्वी मे यांनी काम केले होते. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांच्यावरील चित्रांनी लो यांचे नाव झाले आणि १९१९ साली ते लंडनला गेले. १९२७ साली ते ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये आले, ते मतस्वातंत्र्याची हमी घेऊनच. मालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांची राजकीय मते लो यांच्या मतांच्या अगदी विरुद्ध होती. १९३४ साली अवतरलेल्या ‘कर्नल ब्लिंप’ या मिशाळ, हेकट पात्राचे नाव तर इंग्रजी भाषेतच रूढ झाले.

या स्वातंत्र्याची खरी कसोटी हिटलरने पाहिली. हुकूमशहाला राक्षस म्हणून रंगविले तर तो सुखावतो, मूर्ख म्हणून दाखविले तर चिडतो, हे लो यांनी ओळखले होते. जर्मनीत त्यांच्या चित्रांवर बंदी आली. १९३७ साली नाझींच्या तक्रारीवरून लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी त्यांना सौम्य होण्याची विनंती केली. लो यांनी काही काळ हात आखडता घेतला व हिटलर-मुसोलिनींचे मिश्रण असलेले एक नवे पात्र काढले. पण १९३८ साली ऑस्ट्रिया गिळंकृत होताच ते पुन्हा पूर्ववत लिहू-रेखाटू लागले. पोलंडच्या कलेवरापाशी हिटलर व स्टालिन परस्परांस अदबीने लवून अभिवादन करीत आहेत, हे त्यांचे २० सप्टेंबर १९३९चे चित्र अजरामर झाले. त्यातही एक रेषा अधिक नाही.

१९६२ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९ सप्टेंबर १९६३ रोजी लंडनमध्ये ते निधन पावले.

दरम्यान हे ऋण पुढच्या पिढीकडे गेले होते. म्हैसूरमध्ये ‘हिंदू’त अधूनमधून येणारी लो यांची चित्रे एक मुलगा तन्मयतेने पाही, सहीतील पहिले अक्षर चुकीचे लावून चित्रकाराचे नाव ‘काऊ’ असे वाची. तो मुलगा म्हणजे आर. के. लक्ष्मण. १९४७ साली ते मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आले आणि त्यांचा ‘कॉमन मॅन’ कित्येक दशके वाचकांच्या सकाळीचा सोबती झाला.

लीड्सचा मे, क्राइस्टचर्चचा लो, म्हैसूरचा लक्ष्मण. यांतील कोणी कोणाच्या वर्गात बसले नव्हते. त्यांना जोडले ते छापलेल्या कागदाने. जुने अंक जपून ठेवणाऱ्यांस, ते कोणत्या मुलासाठी जपले जात आहेत, हे बहुधा कधीच कळत नाही. पण जपणे त्यामुळे व्यर्थ ठरत नाही.