मताचा हक्क देणारे बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य प्रदेशात महू येथे झाला. त्यांचे नाव भीमराव. वडिलांचे नाव रामजी व आईचे नाव भीमाबाई. वडील लष्करात सुभेदार होते. त्यांचे मूळ गाव कोकणातले आंबडवे.

भीमराव साताऱ्याच्या शाळेत जात. तेथे त्यांना इतर मुलांपासून लांब, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. १९१३ साली ते अमेरिकेला शिकायला गेले. नंतर लंडनलाही शिकले.

तेव्हा आपल्या देशात इंग्रजांचे राज्य होते. मत सगळ्यांना नव्हते. ज्याची जमीन मोठी, जो सारा किंवा कर भरतो, बहुतेक त्यालाच मत. गरिबाला कोण विचारणार? १९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली आणि अस्पृश्यांनाही मत पाहिजे, असे सांगितले.

१९२७ साली त्यांनी आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. १९२८ साली पुण्यात सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व मोठ्या माणसांना, बायांना पण, मत मागितले. लिहिता-वाचता येत नाही म्हणून मत नाकारू नये, असे त्यांचे म्हणणे होते. कारण ज्यांना शाळेतच येऊ दिले नाही, ते शिकणार कसे?

देश स्वतंत्र झाल्यावर बाबासाहेब घटना लिहिणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून घटना लागू झाली. तिच्या ३२६ व्या कलमाने २१ वर्षांच्या सर्वांना मत मिळाले. १९८९ पासून ते वय १८ झाले आहे.

१९५१-५२ साली पहिली मोठी निवडणूक झाली. यादीत सुमारे १७ कोटी मतदार होते. बाबासाहेब मुंबईतून उभे राहिले, पण ते हरले. हे वाचून मला फार वाईट वाटले. मग ते राज्यसभेत गेले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दादरला चैत्यभूमी आहे.

आमचे गाव नवी मुंबईच्या कडेला आहे. निवडणुकीला आमच्याच वर्गात मतदान असते. माझी आजी शाळेत गेलेली नाही, अंगठा लावते. पण मत द्यायला ती सकाळी सगळ्यांच्या आधी जाते. घरी आली की बोटाची शाई मला दाखवते. बंगलेवाल्याचे मत एक आणि माझ्या आजीचे पण एकच. हे बाबासाहेबांमुळे झाले.

पालकांनो, तुम्ही पण मत द्यायला विसरू नका हां!

अशा या थोर पुरुषास माझे शतशः प्रणाम.

– इयत्ता ४ थी