एफएमवर खरखर कमी का? वाचा आर्मस्ट्राँग यांची गोष्ट

वीज कडाडली किंवा घरात मिक्सर सुरू झाला, की एएम रेडिओ खरखरतो. कारण एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो आणि विजेचा अडथळा नेमकी तीच बिघडवतो. न्यूयॉर्कमध्ये १८९० साली जन्मलेले अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांनी उंचीऐवजी वारंवारता बदलली. त्यामुळे उंचीतले चढउतार रेडिओ संचातच छाटता आले, सोबत खरखरही गेली. १९३३ मध्ये पेटंट मिळाले.

मात्र १९४५ मध्ये अमेरिकी सरकारने एफएमचा पट्टा बदलला. जुने संच निरुपयोगी ठरले. पेटंटवरून १९४८ मध्ये 'आरसीए' कंपनीविरुद्ध खटला सुरू झाला. त्यात पैसा संपत गेला. १९५४ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आयुष्य संपवले. त्याच वर्षी 'आरसीए'ने तडजोड केली. पत्नी मॅरियन यांनी इतर कंपन्यांशी लढा सुरूच ठेवला. शेवटचा खटला १९६७ मध्ये जिंकला.