तारेला वेटोळे घालणारा श्रद्धावंत



भिंगाने उन्हाचे किरण एका टिंबावर आणून कागद जाळण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केला असेल. चुंबकाची शक्ती अशी एका जागी आणता येईल का? याचे उत्तर ज्यांच्या कामातून मिळाले, त्यांचे नाव आपल्या घरातल्या प्लगवर आणि फ्यूजवर लिहिलेले असते : अँपिअर.

आंद्रे-मारी अँपिअर यांचा जन्म २० जानेवारी १७७५ रोजी फ्रान्समधील लिओं शहरात झाला. ते शाळेत गेले नाहीत. वडिलांच्या ग्रंथसंग्रहातच त्यांचे शिक्षण झाले. नोव्हेंबर १७९३ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, वडिलांचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. अठरा वर्षांच्या आंद्रेचे जवळजवळ वर्षभर कशातच लक्ष लागेना. १७९९ मध्ये ज्युली कॅरों यांच्याशी विवाह झाला आणि संसार फुलू लागला. पण १८०३ मध्ये, लहानग्या मुलाला मागे ठेवून, ज्युलीही गेल्या. दुसरा विवाह दुःखाचा ठरला व मोडला. या काळात त्यांची श्रद्धा डळमळली. संशय आणि प्रार्थना यांच्यात त्यांचे मन अनेक वर्षे हेलकावे खात राहिले.

सप्टेंबर १८२० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एक वार्ता आली. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, असे डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी दाखवले होते. पंचेचाळीस वर्षांचे अँपिअर झपाटून कामाला लागले. थोड्याच दिवसांत त्यांनी दाखवून दिले की, एकाच दिशेने वीज वाहणाऱ्या दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात आणि तारेचे वेटोळे चुंबकासारखे वागते.

यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. सरळ तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र वर्तुळाकार पसरते आणि दूर जाता जाता क्षीण होते. तीच तार नळीसारखी गुंडाळली की प्रत्येक वेढ्याचा थोडाथोडा परिणाम आतल्या पोकळीत एकत्र येतो. आत लोखंडाचा गाभा ठेवला तर जोर आणखी वाढतो. मात्र भिंगासारखे दूरच्या टिंबावर हे क्षेत्र नेता येत नाही. चुंबकाच्या बलरेषांना आरंभ नाही, शेवटही नाही. एका टोकातून बाहेर पडून त्या पसरतात आणि वळसा घेऊन दुसऱ्या टोकातून आत येतात. म्हणूनच एमआरआयच्या बोगद्यासारख्या यंत्रात रुग्णाला वेटोळ्याच्या आत झोपावे लागते. तिथले क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारो पट असते. पण ते मिळते आत, लांबून नव्हे.

अँपिअर यांचे मनही असेच हळूहळू एकवटले. ते पुन्हा दृढ कॅथलिक श्रद्धेकडे वळले. १८३१ मध्ये फ्रेडरिक ओझानम नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी लिओंहून पॅरिसला आला. श्रद्धेची टिंगल होणाऱ्या त्या शहरात अँपिअर यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. एवढा मोठा शास्त्रज्ञ चर्चमध्ये गुडघे टेकून रोझरी म्हणताना पाहून त्या तरुणाला धीर आला, असे सांगतात. १८३३ मध्ये याच ओझानम यांनी सोबत्यांसह गोरगरिबांच्या सेवेचे ते काम सुरू केले, जे आज सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर चालते. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

शिक्षणसंस्थांच्या तपासणीच्या दौऱ्यावर असताना, १० जून १८३६ रोजी अँपिअर मार्से येथे निवर्तले. १८८१ मध्ये विद्युतप्रवाहाच्या एककाला त्यांचे नाव मिळाले.

रोझरीचा एक मणी, तारेचा एक वेढा. एकट्याने फारसे काही घडल्यासारखे वाटत नाही. दुःखाने विखुरलेले मन एका क्षणात, भिंगाखालच्या किरणासारखे, एका टिंबावर येत नाही. रोज त्याच मध्याभोवती पुन्हा एक वेढा घालावा लागतो. आणि असे जे आत साठते ते आत कोंडून राहत नाही. ते बाहेर पडते, शेजाऱ्यापर्यंत पोहोचते. अँपिअर यांच्या घरातून ते ओझानमपर्यंत पोहोचले आणि ओझानमकडून गरिबाच्या दारापर्यंत. या आठवड्यात आपल्या घरातून ते कुणापर्यंत पोहोचेल?